सोन्याचा हिशेब, हिऱ्याची पारख: पहिल्यांदाच हिऱ्याचा दागिना घेणाऱ्यांसाठी

हिऱ्याच्या अंगठीत दोन वस्तू एकत्र असतात आणि दोघींची किंमत ठरण्याची रीत अगदी वेगळी आहे. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. दागिन्यातलं सोन्याचं वजन आणि त्याचा कस एकदा कळला, की पुढे उरतो तो गुणाकार. हिऱ्याला असा जाहीर भाव नाही. सारख्याच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत कित्येक पटींचं अंतर असू शकतं आणि ते अंतर कशामुळे पडलं हे डोळ्यांनी आणि कागदाने मिळून ठरवावं लागतं. म्हणून माझा आग्रह असा, की सोन्याच्या बाबतीत हिशेबाला बसा आणि हिऱ्याच्या बाबतीत पारखायला शिका. नवखे लोक बहुतेक वेळा याच्या उलट करतात. सोन्याच्या नक्षीवर भाळतात आणि हिऱ्याच्या कागदावरची अक्षरं तेवढी मोजतात.

आधी ‘कॅरेट’ या शब्दाची गाठ सोडवा

दुकानात एकच शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. हिऱ्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे वजन. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हे माप १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. त्याआधी प्रत्येक बाजारपेठेचा कॅरेट थोडा वेगळा असे, कारण मुळात ते कॅरोब झाडाच्या बीवरून आलेलं माप आहे. एका कॅरेटचे शंभर भाग करतात, त्यांना पॉइंट किंवा सेंट म्हणतात. पन्नास सेंटचा हिरा म्हणजे अर्ध्या कॅरेटचा.

सोन्याच्या बाबतीत कॅरेट म्हणजे शुद्धता. चोवीस भागांपैकी किती भाग चोख सोनं आहे, तो आकडा. १८ कॅरेट म्हणजे १८ भाग सोनं आणि ६ भाग इतर धातू. म्हणून ‘१ कॅरेटचा हिरा, १८ कॅरेटमध्ये’ या वाक्यात पहिला कॅरेट तराजूचा आहे आणि दुसरा कसोटीचा.

सोनं: शिक्का शोधा, मग वजाबाकी करा

अंगठीच्या आतल्या बाजूला, साखळीच्या फाशाजवळ किंवा कर्णफुलाच्या दांडीवर एक बारीक शिक्का असतो. त्यावरचा तीन आकडी अंक म्हणजे हजार भागांतलं चोख सोनं. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ आणि ३७५ म्हणजे ९. सोनेरी दिसणाऱ्या दागिन्यावर ९२५ दिसलं, तर ती चांदी आहे आणि वर सोन्याचा मुलामा आहे. ‘जीपी’, ‘जीएफ’ अशी अक्षरं असतील, तर आत दुसरा धातू आणि वर सोन्याचा थर, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्क्यावर काय लिहिलंय याच्या इतकंच महत्त्वाचं आहे तो कोणी मारला हे. हॉलमार्क हा शब्द लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. १४७८ पासून तिथल्या कारागिरांना आपलं काम तपासणीसाठी त्या इमारतीत आणावं लागे. त्यामागचा विचार आजही लागू आहे: ज्याने घडवलं त्याने स्वतःच्या मालाला प्रमाणपत्र देऊ नये. काही देशांत स्वतंत्र तपासणी केंद्र शिक्का मारतं, काही देशांत मात्र बनवणाऱ्यालाच तो मारायची मुभा असते. दुसऱ्या प्रकारात शिक्का म्हणजे फक्त बनवणाऱ्याचा शब्द. तो खोटा असेल असं नाही, पण मग बनवणाऱ्याची खूण आणि पावती दोन्ही हाती असल्याच पाहिजेत.

घरगुती परीक्षांवर फार विसंबू नका. सोन्याला लोहचुंबक ओढत नाही हे खरं, पण तांब्यापितळेलाही ओढत नाही. उलट, अस्सल साखळीच्या फाशातल्या पोलादी स्प्रिंगला चुंबक लागू शकतं. पाण्यात बुडवून घनता काढायची रीत चांगली आहे. चोख सोन्याची घनता १९.३ आहे, पण टंगस्टनची १९.२५ आहे, म्हणून आत टंगस्टन भरलेलं असेल तर ते या रीतीने कळत नाही. शिवाय खडे बसवलेल्या दागिन्याला ही रीत चालतच नाही. सराफाचा काळा कसोटीचा दगड, त्यावर उमटवलेली रेघ आणि त्या रेघेवर सोडलेलं आम्ल ही जुनी परीक्षा अजून कामाची आहे. क्ष-किरणांचं यंत्र काही सेकंदांत आकडा सांगतं, मात्र ते पृष्ठभागाजवळचाच धातू वाचतं. मुलामा जाड असेल तर यंत्रही चकू शकतं. शंका असेल तर दागिना दोन-तीन जागी तपासून मागा, विशेषतः जिथे घासला गेलाय तिथे.

आता कस किती घ्यावा? जास्त कॅरेट म्हणजे जास्त चांगला दागिना, हा सोन्याबद्दलचा समज हिऱ्याच्या दागिन्यात अंगलट येतो. चोख सोनं मऊ असतं. हिऱ्याला धरून ठेवणारी टोकं, म्हणजे प्रॉन्ग, मऊ सोन्याची असली तर धक्क्याने वाकतात आणि हिरा निसटतो. म्हणूनच हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये घडवतात. रोज वापरायच्या अंगठीसाठी मी १८ किंवा त्याखालचाच कस निवडेन.

रंग मिश्रणातून येतो. तांबं वाढवलं की गुलाबी छटा, चांदी वाढवली की फिकट पिवळी. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल घालतात, तरी त्यात किंचित पिवळसरपणा राहतो आणि तो झाकायला वरून ऱ्होडियमचा थर देतात. तो थर वापराने झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. हे विक्रेत्याने आपणहून सांगायला हवं. न सांगितलं तर तुम्ही विचारा. कान किंवा बोटं निकेलने चिडत असतील, तर ‘यात निकेल आहे का’ हा प्रश्न पैसे देण्याआधीच विचारा.

आता वजाबाकी. समजा अंगठीचं एकूण वजन ४.२० ग्रॅम भरलं आणि तिच्यात अर्ध्या कॅरेटचा हिरा आहे. अर्धा कॅरेट म्हणजे ०.१० ग्रॅम. निव्वळ धातू ४.१० ग्रॅम. तो १८ कॅरेटचा असेल तर ४.१० गुणिले ०.७५, म्हणजे ३.०७५ ग्रॅम चोख सोनं. सोन्याचे पैसे एवढ्याचेच. एकूण वजनावर सोन्याचा भाव लावला, तर हिऱ्याच्या वजनाचे पैसे दोनदा जातात. इथे फरक थोडा दिसतो, पण मोठ्या रंगीत खड्यांच्या हारात तो चांगलाच जाणवतो. भाव कोणत्या कसाचा सांगितलाय तेही पाहा. २४ कॅरेटचा भाव १८ कॅरेटच्या वजनाला लावू नये, ही चूक पावतीच्या गर्दीत सहज लपते.

राहिली घडणावळ. ती कधी ग्रॅममागे ठरते, कधी टक्क्यांत. टक्क्यांत असेल तर सोनं महागलं की तेवढ्याच मेहनतीची मजुरीही वाढते. घासाघीस करायची ती इथे. दागिना मोडायला न्याल तेव्हा घडणावळ परत मिळत नाही, हेही आत्ताच मनाशी धरून ठेवा.

हिरा: सुरुवात पैलूंपासून करा

हिऱ्याच्या चार गुणांची यादी तुम्ही ऐकली असेल: वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू. जीआयए, म्हणजे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेने ही चौकट रूढ केली. या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी खडा जमिनीतून काय घेऊन आला त्यावर पुष्कळशा अवलंबून असतात. पैलू मात्र पूर्णपणे माणसाच्या हातचं काम आहे, आणि हिऱ्याचं तेज त्यातूनच येतं. माझं ठाम मत आहे, की खर्चात कुठेतरी मागे सरायचंच असेल तर वजनात, रंगात, स्वच्छतेत सरा. पैलूंत सरू नका.

कारण असं. हिरा प्रकाशाला फार जोरात वाकवतो. त्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. वरून शिरलेला किरण खालच्या तिरक्या पैलूवर आपटतो, तिथून समोरच्या पैलूवर आणि तिथून परत वर, थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यात. हे घडण्यासाठी खालच्या निमुळत्या भागाचा कोन नेमका हवा. तो भाग फार उथळ असला तर प्रकाश खालून निसटतो आणि हिऱ्यात माशाच्या डोळ्यासारखं फिकट कडं दिसतं. फार खोल असला तर मधोमध काळोख साठतो. मार्सेल टॉल्कोव्हस्की या तरुण अभियंत्याने १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडलं: वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४.५ अंश, खालच्याचा ४०.७५ अंश. आजचे उत्तम गोल हिरे या आकड्यांच्या आसपासच असतात, जरी टेबल थोडा मोठा ठेवायची पद्धत आहे. हिऱ्याच्या अहवालावर, म्हणजे तो तपासून प्रयोगशाळेने दिलेल्या कागदावर, एकूण खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्के आणि टेबल ५३ ते ५९ टक्के दिसलं, तर खडा पाहण्यालायक आहे असं समजून पुढे जा.

मग पैलू पाडणारे नेहमीच नीट का पाडत नाहीत? कारण नीट पाडायचं तर कच्च्या खड्यातलं वजन जातं आणि हिरा विकला जातो वजनावर. कोहिनूरचं उदाहरण या ओढाताणीचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. १८५२ मध्ये लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तेज वाढवण्याच्या प्रयत्नात तो सुमारे १९१ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आला. साध्या बाजारात याच्या उलट होतं: वजन वाचवायला कड जाड ठेवली जाते, पोट खोल ठेवलं जातं, आणि ते वजन अंगठीत बसवल्यावर कोणालाच दिसत नाही.

पारखायची रीत सोपी आहे, सवय मात्र लागते. दुकानातले छोटे झगझगीत दिवे कुठल्याही खड्याला ठिणग्या फोडायला लावतात. हिरा तिथून हलवा. खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात धरा, मग सावलीत धरा. चांगला खडा मंद उजेडातही जिवंत राहतो आणि हलवला की काळ्या-पांढऱ्या लखाखी आलटून पालटून उठतात. सुमार खडा तिथे राखाडी पडतो. शेजारी दुसरा खडा ठेवून पाहिल्याशिवाय ठरवू नका. डोळा तुलनेतूनच शिकतो.

जीआयए २००६ पासून फक्त गोल ब्रिलियंट हिऱ्याला पैलूंची श्रेणी देत आली. त्यात सर्वात वरची ‘एक्सलंट’. गोल हिऱ्यात त्याखाली उतरायचं मला कारण दिसत नाही. लंबगोल, पानाकृती आणि थेंबाच्या आकाराच्या खड्यांत कागद कमी मदत करतो. तिथे मधोमध बो-टायसारखी काळी पट्टी दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुसट असली तर चालते, कायम काळी राहत असेल तर खडा परत ठेवा.

वजन: आकड्याला भुलू नका

चांगल्या पैलूंचा १ कॅरेटचा गोल हिरा व्यासाने साधारण ६.५ मिलिमीटर असतो, अर्ध्या कॅरेटचा ५.१ आणि २ कॅरेटचा ८.१ च्या आसपास. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी व्यास जेमतेम चौथा हिस्सा वाढतो. पण किंमत दुपटीहून पुष्कळ वाढते, कारण मोठे खडे दुर्मीळ असतात आणि दर कॅरेटमागचा भावही चढत जातो. त्यातही ०.५०, १.००, १.५० अशा गोल आकड्यांवर भाव एकदम उडी मारतो. ०.९५ आणि १.०० या दोन खड्यांच्या व्यासात जवळपास ०.१ मिलिमीटरचा फरक असतो. बोटात घातल्यावर तो कुणालाही ओळखता येणार नाही. म्हणून वजनासोबत नेहमी मिलिमीटरमधली मापं मागा.

आणखी एक सावधगिरी. ‘एकूण १ कॅरेट’ म्हणजे १ कॅरेटचा हिरा नव्हे. दहा सेंटचे दहा खडे मिळूनही एक कॅरेट होतो आणि त्यांची किंमत एका सलग खड्यापेक्षा खूपच कमी असते.

रंग आणि स्वच्छता

रंगाची पट्टी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत जाते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, झेडकडे जाताना पिवळट किंवा तपकिरी झाक वाढत जाते. ही श्रेणी खडा पालथा ठेवून, ठरलेल्या नमुन्याच्या खड्यांशी ताडून देतात. अंगठीत मात्र आपण हिरा सुलटा पाहतो आणि तेजापुढे हलकी झाक लपते. पांढऱ्या धातूत जी-एचपर्यंतचा खडा बहुतेकांना पांढराच दिसतो. पिवळ्या किंवा गुलाबी सोन्यात जे-केसुद्धा छान दिसतो, कारण कोंदणाचा रंग त्यात उतरतोच. पिवळ्या सोन्यात डी रंगाचा खडा बसवून घेणं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजणं. गडद पिवळे, निळे, गुलाबी हिरे या पट्टीत येत नाहीत. त्यांचा हिशेब निराळा आणि तिथे रंग जितका गहिरा तितका मोलाचा.

स्वच्छतेच्या अकरा पायऱ्या आहेत: एफएल (पूर्ण निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), मग डाग वाढत जातील तशा व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय यांच्या दोन-दोन, शेवटी आय-१ ते आय-३. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आतले डाग, रेषा, ढगाळपणा पाहून त्या ठरतात. व्हीएस-२ पर्यंतचा खडा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ नेहमी स्वच्छ दिसतो. एसआय-१ही पुष्कळदा तसाच स्वच्छ दिसतो. एसआय-२ मध्ये खडा पाहूनच ठरवावं लागतं. डाग कुठे आहे हे फार महत्त्वाचं. टेबलाच्या मधोमध काळा ठिपका असला तर तो रोज दिसेल. कडेचा तोच ठिपका प्रॉन्गखाली जाईल. अहवालाच्या शेवटी, शेऱ्याच्या ओळीत, श्रेणी नकाशात (अहवालातल्या डागांच्या आकृतीत) न दाखवलेल्या ढगांवरून दिली आहे असं म्हटलं असेल, तर तिथे थांबा. असा खडा कधीकधी सगळा मिळून धुरकट दिसतो. तो नैसर्गिक उजेडात पाहिल्याशिवाय घेऊ नका. अतिनील प्रकाशात निळी चमक देणाऱ्या हिऱ्यांचंही तसंच: बहुतेकांना त्याने काही अपाय होत नाही, फार तीव्र चमक असलेला एखादा दुधाळ वाटतो.

खरा हिरा घणाखाली फुटत नाही ही आपल्याकडची जुनी समजूत मनातून काढून टाका. हिरा सर्वात कठीण आहे म्हणजे दुसऱ्या हिऱ्याखेरीज सहसा कशानेही त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात, की त्या रोखाने बसलेला घाव त्याला चिरतो. कडेला पोचलेली चीर आणि पान किंवा थेंबाच्या आकाराची अणकुचीदार टोकं हे नाजूक भाग. टोकावर सोन्याचं संरक्षण आहे ना, ते पाहा.

कागद: कोणाचा, आणि याच खड्याचा का

जीआयए, १९७५ मध्ये अँटवर्पमध्ये सुरू झालेली आयजीआय आणि एचआरडी ही हिरे तपासून अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळांमधली परिचित नावं. दुकानाने स्वतःच छापलेला कागद स्वतंत्र अहवालाच्या जागी चालत नाही. श्रेणी देणारी शेवटी माणसंच असल्यामुळे एकच खडा दोन प्रयोगशाळांत एखाद्या पायरीने वरखाली होऊ शकतो. म्हणून दोन खड्यांची तुलना करताना दोन्ही अहवाल एकाच प्रयोगशाळेचे असले तर बरं. श्रेणीच्या अहवालात किंमत नसते. किंमत सांगणारा कागद म्हणजे मूल्यांकन, आणि विकणाऱ्यानेच दिलेल्या फुगवलेल्या मूल्यांकनावरून सौदा स्वस्त ठरत नाही.

अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. मग भिंगातून हिऱ्याची कड पाहा. पुष्कळ खड्यांवर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असतो. वजन आणि मिलिमीटरमधली मापं जुळवा. अहवालात उपचारांचा उल्लेख वाचा: लेसरने डाग जाळणं, चिरांत काचेसारखा पदार्थ भरणं, उष्णता-दाबाने रंग बदलणं. चिरा भरलेला हिरा मी सुचवणार नाही, कारण दुरुस्तीच्या वेळी आच लागली की तो भराव बिघडतो.

खाणीतला, प्रयोगशाळेतला, की हिराच नव्हे

जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर १९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा तयार केला. आज दागिन्यांसाठीचे असे हिरे प्रचंड दाब-उष्णतेने किंवा वायूतून कार्बनचे थर साठवून वाढवतात. ते नकली नाहीत. तोच कार्बन, तोच स्फटिक, तेच तेज. नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने फरक कळत नाही, खास उपकरणं लागतात. मात्र ते हवे तितके बनवता येतात, त्यामुळे त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत. घालायला, आवडीने मिरवायला घेत असाल तर हा उत्तम पर्याय आहे. पुढे विकून पैसे उभे करायचा विचार असेल तर नाही. विक्रेत्याने दोन्हींतलं कोणतं ते लेखी दिलंच पाहिजे.

मोइसॅनाइट आणि क्युबिक झिर्कोनिया ही हिऱ्यासारखी दिसणारी, पण वेगळी द्रव्यं आहेत. मोइसॅनाइट उष्णता इतकी चांगली वाहून नेतो, की नुसती उष्णता मोजणारं हातातलं यंत्र त्याला हिरा म्हणतं. भिंगातून तिरकं पाहिलं तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. झिर्कोनियाचा सुटा खडा त्याच मापाच्या हिऱ्याहून दीडपटीपेक्षा जास्त जड भरतो.

पावती आणि नंतर

पावतीवर हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या: एकूण वजन, निव्वळ धातूचं वजन, कस, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, मुख्य हिऱ्याचं वजन, रंग, स्वच्छता आणि अहवालाचा क्रमांक, बारीक खड्यांचं एकूण वजन, खाणीतला की प्रयोगशाळेतला, आणि परत घेण्याच्या अटी. ‘नंतर देतो’ असं कुणी म्हणालं, तर पैसेही नंतरच द्या.

हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो आणि महिनाभरात त्याचं पाणी मंद वाटू लागतं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे होतात. दागिने एकाच डबीत टाकू नका, हिरा हिऱ्याला आणि सोन्याला दोघांनाही ओरखडतो. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन सोन्याच्या मिश्रणाला कमकुवत करतं, तेव्हा अंगठी काढून ठेवा. वर्षातून एकदा प्रॉन्ग तपासून घ्या. कापडावरून अंगठी फिरवली आणि धागा अडकला, तर एखादं टोक उचललं गेलंय.

अंगठी माप बदलायला किंवा दुरुस्तीला द्याल तेव्हा देण्याआधी कडेवरचा क्रमांक भिंगातून सराफासोबत वाचा, पोचपावतीवर वजनासह लिहून घ्या, आणि परत घेताना काउंटरवरून हलण्याआधी तोच क्रमांक पुन्हा वाचा.